फुकटचं तिकीट आणि खंबाटकीचा बोगदा

आनेवाडीचा टोलनाका मागे पडला आणि फोनवर मेसेज आला. इंग्रजीत होता, पण ‘कॅन्सल्ड’चा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं आमचं विमान रद्द. डिकीत चार बॅगा. त्यांत डिंक, खारीक, सुंठ आणि हिनं जुन्या नऊवारीची शिवलेली दुपटी. हॅम्बुर्गला लेकीचे दिवस भरत आलेले.

‘‘काका, मागं वळवू का?’’ ड्रायव्हरनं विचारलं.

‘‘तू चालव,’’ ही म्हणाली.

तिकिटं जावयाच्या माईल्सवर, म्हणजे विमानप्रवासाबद्दल कंपनी देते त्या पॉइंटांवर काढलेली. तो कामानिमित्त सतत विमानात, त्यातून साठलेले हे माईल्स. घोळ एवढाच की माईल्स एका कंपनीचे आणि विमान तिच्या भागीदार कंपनीचं, युरोपातल्या. मी विमानवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. भुईंज गेलं, सुरूर फाटा गेला, कानात तीच ती धून. शेवटी एक मुलगी ‘नमस्कार’ म्हणाली आणि गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरली. पुण्याहून येताना घाट असतो. बोगदा नेमका जाताना. पलीकडे उजेडात आलो तेव्हा फोन मुका.

शिरवळला चहाला थांबलो, तेवढ्यात जावयाचा फोन आला. दोन्हीकडे बोलून झालं होतं त्याचं. माईल्सवाले म्हणतात, विमान ज्यांनी रद्द केलं त्यांना विचारा. विमानवाले म्हणतात, तिकीट ज्यांनी काढलं त्यांना विचारा. फार रेटल्यावर एकानं चार दिवसांनंतरची तारीख दिली, कारण ‘त्याआधी माईल्सच्या सीट शिल्लक नाहीत’.

सरकारी खात्यात बत्तीस वर्षं काढल्यामुळे टोलवाटोलवी मला नवी नाही. पण हिचं म्हणणं वेगळंच. ‘‘अहो, फुकटचं तिकीट. दिलंय ते घ्या, जास्त बोलू नका.’’

स्पीकर चालू होता. जावई म्हणाला, ‘‘आई, फुकट नाही. तीन वर्षं विमानात बसल्या बसल्या झोपलोय, तेव्हा मिळालंय.’’

मग त्यानं समजावलं. माईल्ससाठी राखलेल्या सीट थोड्या असतात, ही अडचण तिकीट काढताना. कंपनीनं स्वतः विमान रद्द केलं की तिला आपल्याच दुसऱ्या विमानात, साध्या विक्रीच्या सीटवरही बसवता येतं. करार असेल तर दुसऱ्या कंपनीच्या विमानातसुद्धा. शिवाय युरोपीय संघाचा 2004 चा 261 क्रमांकाचा नियम आहे. प्रवाशाला लवकरात लवकर दुसऱ्या मार्गानं पोचवा, असं तो सांगतो, आणि माईल्सवरची तिकिटंही त्यात येतात असं स्पष्ट लिहिलंय. कंपनी युरोपातली असल्यामुळे मुंबईहून निघतानाही तो लागू. ‘‘बाबा, ‘काहीतरी करा’ म्हणू नका. कोणतं विमान हवं ते सांगा,’’ म्हणाला, आणि त्यानं इस्तंबूलमार्गे जाणाऱ्या पहाटेच्या विमानाचा नंबर दिला. तो मी चहाच्या बिलामागे लिहून घेतला.

मुंबईला काउंटरवर ही गर्दी. पाऊण तासानं नंबर आला. मी बिल पुढे सरकवलं. मुलीनं पाहिलं, मान हलवली, ‘‘अवॉर्ड तिकीट आहे सर.’’ म्हणजे माईल्सवरचं. मी म्हणालो, ‘‘रद्द तुम्ही केलंय.’’ आवाज चढवला नाही. पण हललोही नाही. ती आत जाऊन सुपरवायझरला घेऊन आली. त्यांनी बराच वेळ कीबोर्ड बडवला आणि म्हणाले, ‘‘झालं. त्यांच्या काउंटरला जा.’’

आता खरी गंमत. त्या तिसऱ्या, इस्तंबूलवाल्या कंपनीच्या माणसाला आमची नावं दिसत होती, सीटही कन्फर्म, पण तिकीट नव्हतं! पंगतीत नाव घ्यावं आणि पान मांडू नये, तशी गत. बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे पासष्टाव्या वर्षी कळलं. तिकिटाचा नंबर तेरा आकडी. पहिले तीन आकडे ते कुठल्या कंपनीनं काढलंय ते सांगतात (एअर इंडियाचे 098, तसे प्रत्येकीचे ठरलेले). आमचं जुनं तिकीट अजून माईल्सवाल्यांच्याच आकड्यांवर, जुन्याच विमानाला चिकटलेलं. मी ट्रॉली हिच्याकडे सोपवून परत पहिल्या काउंटरला. सुपरवायझर घरी निघालेच होते. त्यांनी नवीन तिकीट काढून दिलं. आकडे बदललेले पाहिले, तेव्हाच तिथून हललो.

भरपाईचा अर्जही जावयानं नंतर केला. साडेतीन हजार किलोमीटरच्या वर अंतर असलं की माणशी 600 युरो, विमान रद्द होण्याचं कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल तर. उत्तर आलेलं नाही.

एक राहिलंच. लेकीनं बजावलं होतं की पेढे आणू नका, बाहेरून दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. तरी हिनं कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा पुडा पर्समध्ये टाकलेलाच; म्हणे वाटेत खायला. इस्तंबूलला पुढच्या विमानाला चार तास होते. तेवढ्यात तो संपवणं आलं. पाचव्या पेढ्याला मी हात टेकले. हिनं समोर बसलेल्या एका तुर्की आजीपुढे पुडा धरला. तिनं एक घेतला, चाखला, डोळे मिटले आणि हात पुन्हा पुढे केला.

‘‘बघा,’’ ही म्हणाली, ‘‘एक किलो घ्यायला हवे होते.’’