आमच्या घरचा घोळणा

माझ्या माहेरी घोळणा फुटला तर कुणी जागचं उठतही नसे. पप्पा, आत्या, दादा, मी, सगळ्यांचंच तेच. उष्णता वाढलीय, कांदा फोडून हुंगायला द्या, टाळूवर पाणी थापा, झालं. आत्याच्या ओठांवर लाल ठिपके होते. बोटानं दाबले की नाहीसे व्हायचे, सोडले की परत लाल. मिरजेच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पप्पांची जीभ आणि बोटांची टोकं निरखून पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "घरात अजून कुणाच्या नाकातून रक्त येतं?"

आजाराचं नाव लांबलचक आहे, हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया; सगळे एचएचटीच म्हणतात. साधारण 5000 माणसांत एकाला असतो. धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांचं जाळं असतं, ते काही ठिकाणी तयारच होत नाही. मग धमनीतलं रक्त त्याच जोरानं थेट शिरेत घुसतं. नाकात, जिभेवर ते दिसतं. फुप्फुसात, यकृतात, मेंदूत असलं तर पत्ताही लागत नाही. पप्पांच्या तपासणीत ईएनजी या जनुकात दोष निघाला. नंतर माझ्यातही तोच.

मला दिवस गेले आणि घरात सल्ल्यांचा पूर आला. जाऊबाई म्हणाल्या, "ती एनआयपीटी करून टाक गं, त्यात सगळं कळतं." नाही कळत. नेहमीची एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तावरून होणारी बाळाची चाचणी, मुख्यतः 21, 18 आणि 13 ही गुणसूत्रं जादा आहेत का ते बघते. आमच्यासारख्या एका जनुकातल्या दोषासाठी 11 आठवड्यांनंतर वारेचा तुकडा किंवा 15-16 आठवड्यांनंतर गर्भजल काढावं लागतं. त्याआधी फॉर्म जी या संमतीपत्रावर सही करायची, आणि मुलगा की मुलगी हे कुणी सांगणार नाही. दोष उतरण्याची शक्यता दोघांनाही सारखीच, 50 टक्के.

पुण्याच्या जेनेटिक्सच्या मॅडमना मी विचारलं, "आलाच तर त्रास किती होईल, ते कळेल?" त्या म्हणाल्या, "नाही. तुमचे वडील आणि आत्या, दोष एकच ना?" खरंच होतं. पप्पांनी मार्केट यार्डात जन्मभर हळदीची पोती हलवली; आत्याला मात्र रक्त चढवावं लागायचं. मग आम्ही वारेची-गर्भजलाची सुई घेतली नाही. घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, प्रत्येकाच्या घरातली आत्या वेगळी.

मॅडमना काळजी होती ती माझ्या फुप्फुसांची. गरोदरपणी अंगातलं रक्त 40-50 टक्क्यांनी वाढतं. फुप्फुसात तशी वेडीवाकडी जोडणी असेल तर ती फुटून जिवावर बेतू शकतं. हे आजवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! तपासणी सोपी निघाली. सलाईन दोन सिरिंजमध्ये पुढेमागे ढवळून बारीक बुडबुड्यांसकट हाताच्या शिरेतून सोडलं. इकोच्या पडद्यावर हृदयाची उजवी बाजू पांढरीशुभ्र झाली. डावीकडे बुडबुडे आले असते तर फुप्फुसात चोरवाट आहे असं समजायचं. तिकडे काळंच राहिलं. सासूबाईंनी बाहेर बसून गणपतीला काय काय कबूल केलं होतं ते नंतर कळलं.

पोमॅलिडोमाइड या औषधानं नाकाचा रक्तस्राव कमी होतो असं 2024 मध्ये प्रसिद्ध झालंय. पप्पांसाठी विचारून ठेवलंय. माझ्यासाठी प्रश्नच नाही, ते थॅलिडोमाइडच्या घराण्यातलं; पोटातल्या बाळाला घातक.

बाळ झालं की नाळेतलं रक्त तपासायला पाठवायचं, फक्त त्या एका दोषासाठी. दादा मात्र बुडबुड्यांच्या इकोला अजून तयार नाही. त्याला दातांच्या डॉक्टरांची तारीख मिळालीय. फुप्फुसात काही असेल तर दातातले जंतू मेंदूपर्यंत जाऊ शकतात, म्हणून आधी अँटिबायोटिकचं विचारून घे, एवढं तरी वहिनीकरवी त्याच्या कानावर घातलंय.