लिबेच्चो, बेसन आणि मांडे

सकाळी पावणेआठला पर्यटकांचा गट घेऊन इटलीतल्या कामोल्यीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हाच कळलं की आज बोट नाही. तिकीटखिडकी अजून उघडायची होती, फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पण बंदराच्या बांधावरून पाणी आत उडत होतं आणि लहान होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला इथे लिबेच्चो म्हणतात. तो रात्रभर वाहिला होता. हा वारा पहाटे पडला तरी लाटा दिवसभर उतरत नाहीत, म्हणून नुसता वाऱ्याचा अंदाज पाहून भागत नाही. लाटांची उंचीही पाहावी लागते.

जायचं होतं सान फ्रुत्तुओसोच्या मठात. डोंगराच्या पायथ्याशी चिंचोळ्या खाडीत तो बसलाय. गाडीरस्ता नाही. पायवाट आहे, पण किनाऱ्याकडेची वाट काही ठिकाणी साखळी धरून खडकावरून उतरते आणि तीनेक तास घेते. आमच्या १४ जणांत सहा जण सत्तरीच्या पुढचे. म्हणजे पायवाट बाद.

ऑक्टोबरात लिग्युरियाच्या किनाऱ्यावर गट नेताना बोटीच्या प्रत्येक दिवसाला एक आगगाडीचा पर्याय खिशात ठेवायचा असतो. पर्याय कुठलाही चालत नाही, विषय तोच राहिला पाहिजे. सान फ्रुत्तुओसोला लोक जातात ते जेनोवाच्या डोरिया या सरदार घराण्याची पांढऱ्या-करड्या पट्ट्यांची थडगी पाहायला. त्याच घराण्याचं, त्याच पट्ट्यांचं चर्च जेनोवात आहे, आणि जेनोवा गाडीने पाऊण तासावर.

गाडीला वेळ होता, म्हणून धक्क्यावरूनच कामाला सुरुवात केली. कामोल्यीची समुद्राकडची घरं सहा-सात मजली, एकमेकांना चिकटलेली, गेरू, पिवळी, गुलाबी. खिडक्यांभोवती नक्षीची चौकट, वर त्रिकोणी छज्जे, कोपऱ्यांना घडीव दगड. यातलं बरंचसं खोटं आहे. सपाट गिलाव्यावर रंगवलेलं. काही खिडक्याही रंगवलेल्या, झडपा अर्ध्या उघड्या दाखवलेल्या. कारण सोपं: कोरीव दगड महाग, चितारी स्वस्त. शिवाय आतल्या खोल्यांमुळे खिडक्या वेड्यावाकड्या पडल्या तर दर्शनी भाग सारखा करायला रंगाची खिडकी कामी येते.

खरी-खोटी ओळखायची कशी? सावली बघायची. चितारी एका बाजूने प्रकाश धरून सावली काढतो आणि ती दिवसभर तिथेच राहते; खऱ्या छज्ज्याची सावली उन्हाबरोबर सरकते. ढगाळ दिवशी तर फारच सोपं, कारण सावली फक्त खोट्या छज्ज्यांनाच असते. त्या सकाळी ढग होते. नाशिकच्या एका निवृत्त अभियंत्यांनी दहा मिनिटांत एका इमारतीवरच्या सात खोट्या खिडक्या मोजल्या. मला पाचच माहीत होत्या.

त्यांनीच पुढचा प्रश्न विचारला: काही भिंतींचे पोपडे का सुटलेत आणि शेजारची जुनी दिसणारी भिंत शाबूत कशी? जुनं काम चुन्याचं. चुना श्वास घेतो, भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक रंग चढवला की खारा ओलावा आत अडकतो, मिठाचे स्फटिक फुगतात आणि रंग पापुद्र्यांसारखा निघतो. कोकणात चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट थापलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

गाडीच्या तिकिटाची एक गोष्ट. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. तिकीट विकत घेतलंय, पण शिक्का नाही, तर दंड होतो. गट असला की सगळी तिकिटं एकाने गोळा करून शिक्के मारायचे आणि मगच वाटायची.

जेनोवात आधी सान लोरेन्झो, कारण इथली बरीचशी चर्च दुपारी बंद असतात. आधी चर्च, मग वाडे, मग जेवण, हा क्रम उलटा केला की अर्धा दिवस बंद दारांसमोर जातो. हे कॅथीड्रल १११८ मध्ये पोप दुसऱ्या गेलासियसच्या हस्ते पवित्र केलं गेलं. दर्शनी भागाचे तीन टोकदार दरवाजे नंतरचे, तेराव्या शतकातले, फ्रान्सकडून आलेल्या कारागिरांच्या हातचे. पांढरा संगमरवर आणि गडद दगड यांचे आडवे पट्टे. लोक पायऱ्यांवर फोटो काढून परततात. दारांच्या कडेचे बारीक स्तंभ मात्र हाताच्या अंतरावरून पाहायला हवेत, एकाचा पीळ दुसऱ्यासारखा नाही. आत उजवीकडे ३८१ मिलिमीटरचा तोफगोळा उभा ठेवलाय. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश आरमाराने शहरावर मारा केला, तेव्हा एक गोळा कॅथीड्रलमध्ये घुसला आणि फुटला नाही.

तिथून पाच मिनिटांवर सान मात्तेओ. चौक एवढासा की १४ माणसं उभी राहिली तरी भरल्यासारखा वाटतो. चर्च ११२५ चं, आताचं रूप १२७८ नंतरचं. इथले पांढरे पट्टे कोरे नाहीत: त्यांवर डोरिया घराण्याने जिंकलेल्या आरमारी लढायांची नोंद कोरलेली आहे. काळा-पांढरा पट्टा खाजगी घराण्याने वापरणं हा मानाचा हक्क समजला जाई. खाली तळघरात सोळाव्या शतकातल्या आरमारप्रमुख आंद्रेआ डोरियाची समाधी. मठाची चुकलेली भेट इथे निम्मी तरी भरून निघते.

स्त्रादा नुओव्हा, म्हणजे आजची गारिबाल्दी गल्ली, हा जेनोवातला सर्वांत चुकीच्या पद्धतीने पाहिला जाणारा रस्ता. लोक मधून चालत वर बघतात. रस्त्याची रुंदी जेमतेम साडेसात मीटर. एवढ्या जवळून राजवाड्याचं तोंड दिसतच नाही, मान मात्र दुखते. हे वाडे आतून वाचायचे. रस्ता आखला गेला १५५१ मध्ये, डोंगराच्या उतारावर, आणि उताराचाच उपयोग करून घेतला: दारातून ओसरी, मग जिना, वर अंगण, त्याच्याही वर बाग. दारात उभं राहून सरळ आत नजर टाकली की चार पातळ्या एकामागोमाग चढत जाताना दिसतात. १५७६ मध्ये तेव्हाच्या जेनोवा प्रजासत्ताकाने अशा वाड्यांच्या याद्या केल्या, त्यांना रोल्ली म्हणतात. राजेरजवाडे पाहुणे आले की यादीतल्या घरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचं नाव निघेल त्याने पाहुणचार करायचा. वाडा जेवढा मोठा, तेवढा मोठा पाहुणा माथी. सरकारी अतिथिगृह बांधण्याचा खर्च वाचला! यातले ४२ वाडे २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. वेळ कमी असेल तर पालाझ्झो रोस्सोच्या गच्चीवर जा. तिथून पाटीच्या काळ्या दगडाची छपरं दिसतात. हा दगड लावान्या गावामागच्या खोऱ्यातला, आणि इटालियन भाषेत शाळेच्या फळ्यालाही लावान्याच म्हणतात.

साडेबाराला भूक. गटात पाच जण अंडंही न खाणारे, त्यांपैकी दोघे जैन, कांदा-लसूणही नाही. किनाऱ्यावर हीच खरी परीक्षा, कारण 'शाकाहारी' म्हटलं की मासळी चालते असं समजणारी माणसं अजून भेटतात. म्हणून 'व्हेजितारियानो' हा शब्द पुरत नाही. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा आच्चूगे' असं मोडून सांगायचं: मांस नको, मासा नको, खारवलेली आच्चूगा मासळीही नको. लसूण म्हणजे आल्यो, आणि चीझ विरजायला वापरतात ते वासराच्या पोटातलं रेनेट म्हणजे काल्यो. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आणि गोंधळ रोजचा. पेस्तोत, म्हणजे बेसिलच्या पानांच्या चटणीत, लसूण तर असतोच, पण त्यातलं पार्मिजानो चीझ नेहमी वासराच्या रेनेटचंच असतं, हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो. आधी सांगितलेलं बरं.

उत्तर होतं फरिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. बस्स. पिठाच्या तिप्पट पाणी, निदान चार तास, जमल्यास आदल्या रात्रीपासून भिजवलेलं, वर आलेला फेस पळीने काढून टाकलेला. फेस राहिला तर तो करपून कडवट डाग पडतात. कल्हई केलेली तांब्याची मोठी परात आधी भट्टीत तापवतात, त्यात सढळ तेल, मग पीठ, मग पळीने ढवळून तेल वर आणायचं. लाकडाच्या भट्टीत ३०० अंशांच्या आसपास दहा मिनिटं. विस्तव एका बाजूला असल्याने परात लांब दांड्याने फिरवत राहावं लागतं. थर अर्ध्या सेंटीमीटरचा. परात किंचितही कललेली असली की एकीकडे पापड आणि दुसरीकडे पिठलं.

आम्ही खिडकीशी थांबलो, नवी परात निघेपर्यंत. थांबणं महत्त्वाचं: पंधरा मिनिटं झालेली फरिनाता चिवट होते. आणि विचारणंही, कारण त्याच भट्टीत कधी कांद्याची, कधी बारीक मासळी घातलेली परात असते आणि कापायचा सुरा एकच. आमच्यासाठी सुरा पुसून साध्या परातीचे तुकडे निघाले. वर फक्त मिरपूड. "ओवा असता तर!" हा शेरा आलाच.

घरी करणाऱ्यांसाठी: ३० सेंटीमीटरच्या पसरट भांड्याला १०० ग्रॅम पीठ, ३०० मिली पाणी, ४० मिली तेल, अर्धा चमचा मीठ. घरच्या ओव्हनला २५० अंशांवर, खालच्या कप्प्यात, वीसेक मिनिटं. शेवटी वरची जाळी लावून डाग पाडायचे. आपलं बेसन सोललेल्या डाळीचं आणि बारीक असतं, तिथलं पीठ मोठ्या पांढऱ्या हरभऱ्याचं. चव थोडी वेगळी येते आणि गुठळ्या जास्त होतात, म्हणून पाणी थोडंथोडं घालायचं.

बंदरासमोरच्या सोत्तोरिपाच्या कमानींखाली मात्र मी घाई केली. तिथल्या तळणीच्या दुकानांत पानिस्सा मिळतो: हेच पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, बशीत थापून गार करायचं, पट्ट्या कापून तळायच्या. पाटवडीच, पण फोडणीशिवाय. मी सात पुडे सांगितले, आणि तेवढ्यात झाऱ्याने त्याच कढईतून आच्चूगे निघाले. तेल एकच. दोन पुडे शाकाहारी मंडळींच्या हातात पोचलेही होते, खाल्ले नव्हते एवढंच. पदार्थ शाकाहारी असल्याची खात्री केली होती, कढईची केली नव्हती. आता कढई आधी बघतो. न तळलेला पानिस्सा लिंबू-तेल घालूनही मिळतो, तोच घेतला.

परतीला कामोल्यीच्या एक स्टेशन आधी, रेक्कोला उतरलो. रेक्कोत पाहायला जुनं जवळजवळ काही नाही. रेल्वेचा उंच पूल गावातून जातो, आणि दुसऱ्या महायुद्धात त्या पुलासाठी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी गाव जमीनदोस्त केलं. उरलं ते खाणं: चीझची फोकाच्चा, म्हणजे चपटी भाजलेली रोटी, २०१५ पासून भौगोलिक मानांकन असलेली. यीस्ट नाही. ५०० ग्रॅम कणखर मैद्याला २५० मिली पाणी, ५० मिली तेल, मीठ, आणि तब्बल किलोभर क्रेशेन्झा, म्हणजे मऊ ताजं चीझ. गोळा अर्धा तास तरी झाकून ठेवायचा, नाहीतर ताणताना फाटतो.

काचेपलीकडे कारागीर गोळा लाटून, मग मुठींच्या पाठीवर घेऊन फिरवत ताणत होता. एक मिलिमीटरहून पातळ झाल्यावर तो परातीवर अंथरला, वर अक्रोडाएवढे चीझचे गोळे, त्यावर आणखी पातळ दुसरा थर, कडा दाबून जादा भाग कापला आणि वरचा थर चिमटीने ठिकठिकाणी फाडला. भोकं नसली तर वाफेने वरचा थर फुग्यासारखा उचलतो. चीझही हेच हवं; मोझ्झारेला घातलं तर पाणी सुटून तळ भिजतो.

धुळ्याच्या काकू काचेला नाक लावून उभ्या होत्या. "भाऊ, हे तर मांडे! याला फक्त खापर नाही."

खरंच होतं. हातांवर ताणलेलं पातळ पीठ, दोन थरांमध्ये ऐवज. फरक त्यांनीच दाखवला: मांडा कोपरापर्यंत चढतो, कारण तो हातावरून थेट पालथ्या खापरावर जातो, मध्ये परात नाही, म्हणून त्याला वजन पेलणारं पीठ लागतं, खूप मळून, आपटून केलेलं. ते मी कारागिराला सांगितलं. त्याने कोपर पुढे करून विचारलं, "इथपर्यंत?" काकूंनी हवेतच ताणून दाखवलं. त्याने मान हलवली, माझ्या परातीपेक्षा मोठा होतो म्हणाला.

चीझच्या पाकिटावर काल्यो लिहिलेलं होतं. पाचही शाकाहाऱ्यांसाठी चीझ न घालता, नुसत्या तेला-मिठाचे दोन थर भाजून मागितले. आठ मिनिटांत आले, कडांना फोड आलेले, काळसर. त्यांनी ते हातानेच मोडून खाल्ले, उभ्याने, सहा वाजून दहाच्या गाडीआधी.