रायनोला भेटायला रिग्लीवर

२९ जुलै २०२५ ला सकाळी फोन बघितला तर भावाचा मेसेज, "रायनो गेला रे." बायको म्हणाली कोण, ऑफिसमधला का? आता पुण्यात बसून कुणाला काय सांगणार की रायन सँडबर्ग कोण होता. शिकागो कब्ज या बेसबॉल टीमचा सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसपाशी फिल्डिंग करणारा, २३ नंबर, वय ६५, प्रोस्टेट कॅन्सर.

बाबांना कंपनीनं शिकागोला पाठवलं तेव्हा मी नऊ वर्षांचा. १९८४ चा जून, जाऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. २३ जूनला शनिवारी टीव्हीवर कब्ज विरुद्ध सेंट लुईस कार्डिनल्स. बाबा क्रिकेटवाले, वर्षभरापूर्वीचा लॉर्ड्सचा फायनल डोक्यात ताजा, त्यामुळे कब्ज ९-३ नं मागे पडल्यावर "यात काही राम नाही" म्हणाले, टीव्ही बंद केला आणि आम्हाला भाजी आणायला घेऊन गेले. परत आलो तर शेजारच्या घरात नुसता आरडाओरडा. झालं असं की कार्डिनल्सनं शेवटी ब्रूस सटरला आणला, म्हणजे जिंकत आलेली मॅच बंद करायला येणारा त्या काळातला सगळ्यात खतरनाक पिचर (आपला बॉलर), आणि त्याला सँडबर्गनं नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला होम रन (आपल्या सिक्सरसारखा) मारून मॅच बरोबरीत आणली, जादाच्या दहाव्यात कब्ज परत मागे पडले तर परत त्यालाच होम रन मारून परत बरोबरी. अकराव्या इनिंगला कब्ज १२-११ नं जिंकले. तिकडे त्या मॅचला आजही 'सँडबर्ग गेम' म्हणतात, आणि आम्ही तेव्हा कोबी निवडत होतो.

त्यानंतर मी कायमचा त्याचा. रिग्लीवर, म्हणजे कब्जच्या घरच्या स्टेडियमवर, १९८८ च्या ऑगस्टपर्यंत लाइट्सच नव्हते, घरच्या सगळ्या मॅचेस दुपारी, म्हणजे शाळेतून पळत आलं की शेवटच्या दोन-तीन इनिंग मिळायच्या. लागोपाठ नऊ वर्षं गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस), १९९० ला ४० होम रन, सगळं खरं, पण बाबांना आवडायचं ते वेगळंच. होम रन मारून हा माणूस मान खाली घालून मुकाट्यानं पळायचा. "बघ जरा, नाहीतर तू, वीस रन झाले की बॅट वर."

तर सप्टेंबरमध्ये ऑफिसच्या कामाला अमेरिकेत जाणं झालं, दोन दिवस जोडून घेतले आणि शुक्रवारी दुपारच्या मॅचचं तिकीट काढलं.

जाणाऱ्यांनी गाडी अजिबात नेऊ नका, पार्किंगला पैसे आणि डोकं दोन्ही जातं. ओहेअर एअरपोर्टवरून ब्लू लाइन ट्रेन पकडायची, जॅक्सनला उतरून खालच्या बोगद्यातून रेड लाइन, हॉवर्डकडे जाणारी, आणि ॲडिसन स्टेशन. कार्ड किंवा फोन गेटवर टेकवला की झालं. ॲडिसनला कुणाला विचारायची गरज पडत नाही, निळे टीशर्ट जिकडे चाललेत तिकडे चालायचं.

सीटच्या बाबतीत मी माती खाल्ली. स्टेडियम १९१४ चं आहे, वरच्या मजल्याला आधार द्यायला खांब आहेत, आणि स्वस्त दिसली म्हणून रीसेलवर घेतलेली माझी सीट बरोब्बर खांबामागे. बारीक अक्षरात 'लिमिटेड व्ह्यू' लिहिलेलं होतं, वाचतंय कोण. पिचर दिसेना. पण मैदानाच्या उजव्या कडेच्या उंच खांबावरचा (फाउल पोल) सँडबर्गच्या २३ नंबरचा झेंडा मात्र स्वच्छ दिसत होता, म्हटलं चला, आपण त्याच्यासाठीच आलोय. तुम्ही थर्ड बेसच्या बाजूला घ्या, कब्जचा डगआउट (खेळाडूंची बसायची जागा) तिकडेच आहे, दुपारी सावली आधी तिकडे येते आणि सेकंड बेस समोर दिसतो. जॅकेट ठेवा, तळ्यावरचा वारा फिरला की सप्टेंबरातही हुडहुडी भरते. मोठी सॅक हॉटेलवरच टाका. शाकाहारी लोकांनी पोटभर खाऊन जा, मी आत शेंगदाणे आणि प्रेट्झेलवर दिवस काढला (आणि हॉट डॉग खाणारे असाल तर शिकागोत केचप मागू नका, लोक बघतात). संध्याकाळी मी रेड लाइननं लोयोलाला गेलो, तिथून १५५ नंबरची बस धरून डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागोतला देसी भाग, डोसा खाल्ला तेव्हा जिवात जीव आला.

स्कोअरबोर्ड अजून हातानं बदलतात, १९३७ चा आहे. मी अर्धा वेळ तेच बघत होतो, खांबामुळे दुसरं बघायला होतं काय म्हणा.

रायनोच्या पुतळ्याचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. तो स्टेडियमला लागून गॅलघर वे नावाचा चौक आहे तिथे, अर्नी बँक्स वगैरे कब्जच्या चार जुन्या खेळाडूंच्या रांगेत. मॅचच्या दिवशी वेळ जवळ आली की चौकात तिकीटवाल्यांनाच सोडतात, म्हणून सकाळी लवकर जा, किंवा मॅच नसलेल्या दिवशी. अनावरण २०२४ ला, तेही २३ जूनलाच, त्या मॅचला चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, आणि तो स्वतः हजर होता, ते एक बरं झालं. पुतळ्यात बॅट नाहीये, वाकून बॉलची वाट बघत उभा आहे, फिल्डिंगला. मी गेलो तेव्हा पायाशी एक सुकलेला गुच्छ आणि कुणाच्यातरी लहान मुलाचा ग्लव्ह होता.

तिथून बाबांना व्हिडिओ कॉल लावला, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, जेवायला बसलेले. वय ८२, हल्ली नावं विसरतात. फोन फिरवून पुतळा दाखवला तर घास हातात धरून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "त्या दिवशी टीव्ही मीच बंद केला होता ना रे?"

म्हटलं, हो.

"कोबी पण काही बरा निघाला नव्हता."