जाळ्याची मजुरी, रिळाचा दर

सारसोळे (नवी मुंबई), २१ जून

ओटीवर मासेमारीची जाळी आणि गळाच्या काठीची रिळे यांच्या दुरुस्तीचे काम मांडून आज तीन आठवडे झाले. सुरुवातीसाठी मी मुद्दाम जून निवडला, कारण १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते आणि वर्षभर फाटलेली जाळी याच दिवसांत दुरुस्तीला निघतात. आमच्या खाडीतल्या वल्ह्याच्या होड्यांना ती बंदी नाही, परंतु पावसाच्या माऱ्यात त्याही फारशा बाहेर पडत नाहीत. रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या पंप जोडणीच्या कारखान्यात मी अकरा वर्षे काम केले. तो फेब्रुवारीत बंद झाला तेव्हा माझ्या हाताला बेअरिंग, सील आणि पिनियन (छोटे दातेरी चाक) यांची सवय होती आणि बाबांच्या हाताला जाळ्याची. घरात जागा एकच होती, ती म्हणजे ओटी.

रिळे माझ्याकडे येतात ती पाम बीचच्या बाजूला आणि वाशीच्या खाडीपुलाकडे हौसेने गळ टाकणाऱ्यांची. जिताडा किंवा तांबोशी लागेल या आशेने ही माणसे पहाटेची भरती साधतात आणि घरी परतल्यावर रीळ तसेच पिशवीत ठेवून देतात. परवा आलेल्या एका रिळाची मूठ फिरतच नव्हती. ते उघडले तेव्हा बेअरिंगभोवती मिठाची पांढरी साय धरलेली होती, पितळी पिनियनच्या दातांत हिरवट कीट बसले होते आणि ड्रॅगच्या, म्हणजे दोरीचा ताण धरणाऱ्या ब्रेकच्या, वॉशरी एकमेकींना चिकटून त्यांची एकच चकती झाली होती. मी प्रत्येक भाग काढला त्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवत जाते, म्हणजे जोडताना शेवटच्या खणापासून उलट येता येते. या रिळाला एक बेअरिंग नवे लागले. बाकी सारे धुऊन, वाळवून, ग्रीस भरून पुन्हा चालू झाले. आता रीळ परत देताना मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते, की खाडीवरून आल्यावर ड्रॅग घट्ट करावा, नळाच्या बारीक धारेखाली रीळ धुवावे, आणि वाळल्यावर ड्रॅग सैल करूनच ठेवावा, नाहीतर वॉशरी दबून राहतात. एवढे केले तर माझ्याकडे येण्याची वेळ वर्षातून एकदाच येईल, आणि तसे झालेले मला चालेल.

एक चूक इथे लिहून ठेवणे आवश्यक आहे. दुसऱ्याच आठवड्यात मी एका रिळाच्या वन-वे बेअरिंगमध्ये पंपाला भरतात तसे सढळ हाताने ग्रीस भरले. मूठ उलटी फिरू न देणे हे त्या बेअरिंगचे काम, आणि जाड ग्रीसमुळे त्यातले बारीक रोलर जागेवर पकड घेईनात. मासा लागला तेव्हा मूठ उलटी फिरली आणि तो सुटला. ते गृहस्थ रागावले नाहीत, ‘ताई, पुन्हा एकदा बघा’ एवढेच म्हणाले. मी ते रीळ पूर्ण उघडून साफ केले, त्या भागाला तेलाचा जेमतेम हात लावला आणि पैसे घेतले नाहीत. कारखान्यातले ज्ञान जसेच्या तसे इथे लागू पडत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

खरा पेच मात्र जाळ्यांचा आहे. रिळाच्या सर्व्हिसिंगचे मी ३५० रुपये ठेवले आहेत आणि लोक ते विनातक्रार देतात. जाळ्याचे पैसे मागायला मात्र बाबा तयार नाहीत. ‘गावातल्या माणसाकडून जाळ्याचे पैसे घ्यायचे?’ हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांच्या उमेदीच्या काळात एकाचे जाळे फाटले की चार जण सुई घेऊन बसत, आणि उद्या दुसऱ्याचे फाटले की तेच चार जण तिकडे जात. ते चार जण आता उरलेले नाहीत. त्यांची मुले कचेऱ्यांत जातात, आणि सगळ्यांचे जाळे एकट्या बाबांच्या मांडीवर येते.

हे काम किती नाजूक आहे ते मी आता रोज शेजारी बसून पाहते. भोक बुजवण्याआधी ते कापून मोठे करावे लागते. वरच्या एका गाठीला आणि तळाच्या एका गाठीला तीन धागे शिल्लक ठेवायचे आणि मधल्या प्रत्येक आसाच्या (जाळ्याच्या घराच्या) टोकाला दोनच, तरच विणीला सुरुवात आणि शेवट मिळतो. आस सारखे यावेत म्हणून बाबा बांबूची पट्टी वापरतात आणि तंगुसाची (नायलॉनच्या एकपदरी दोऱ्याची) गाठ ओली करून आवळतात. एका पागाला, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याला, त्यांचा दीड दिवस गेला, शिवाय घेरातले गळालेले शिसे नव्याने ओवले ते वेगळेच. दीड दिवसाला किंमत नाही, हे मला पटत नाही.

शिवाय जाळे दुरुस्त झाले नाही तर त्याचे काय होते, हेही इथे डोळ्यांसमोर दिसते. नायलॉन कुजत नाही. तिवरांच्या मुळांत अडकलेले टाकाऊ जाळे महिनोन्‌महिने चिंबोऱ्या धरत राहते आणि त्या तिथेच मरतात. ज्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तिच्या काठावर मी ओहोटीच्या वेळी अशी जाळी स्वतः सोडवली आहेत.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, या आठवड्यात झाली. एका दलालाने त्यासाठी १,५०० रुपये सांगितले होते. प्रत्यक्षात ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, आणि आधार क्रमांक हाताशी ठेवून मी ती घरीच पूर्ण केली.

आज दुपारी ठाण्याहून गळाची एक काठी आली. दोरी ओवायच्या तिच्या वरून तिसऱ्या कडीतून कापसाचा बोळा फिरवला तेव्हा तंतू अडकले, म्हणजे आतल्या सिरॅमिकला तडा होता आणि तोच दोरी कापत होता. नवी कडी दोऱ्याने बांधून मी वर इपॉक्सीचा थर दिला. तो ओघळू नये म्हणून काठी सतत हळूहळू फिरवत राहावी लागते, आणि मला तर स्वयंपाक करायचा होता. बाबांनी न सांगता काठी हातात घेतली आणि तासभर ती फिरवत बसले. मग विचारले, ‘याचे किती घेणार?’ मी २०० म्हटले. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. जेवण झाल्यावर म्हणाले, ‘शेजारच्या काकांचा पाग वहीत लिही. दीड दिवस लिही, रुपये लिहू नको.’

मी तसे लिहिले आहे. रुपयांचा रकाना तूर्त कोरा आहे. हवेत ओल फार असल्यामुळे काठीवरचा थर अजून चिकट लागतो आहे. सकाळी पुन्हा पाहीन.