आमची वाटचाल : फळीपासून शिडापर्यंत

लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करायला घेतलेल्या बहुतेकांच्या घरी एक अर्धवट जहाज असतं. कणा ताठ उभा, त्यावर आडवे बल्कहेड, म्हणजे जहाजाला आकार देणारे आडवे छेद, चिकटवलेले, डेकही बसलेलं. फळ्यांच्या पाच-सहा ओळी होतात आणि नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, काहीतरी बिनसतं. मग ते खोक्यात जातं आणि खोकं कपाटावर. अशी जहाजं पुरी व्हावीत म्हणून आम्ही या व्यवसायात आलो. किती किट्स (जहाज बांधायच्या तयार भागांचे संच) विकली गेली यापेक्षा किती जहाजांना शीड चढलं, हा हिशेब आम्हाला आजही जास्त जवळचा वाटतो.

सुरुवातीला किट वगैरे काही नव्हतं. आम्ही दोघं भागीदार, दोघांनाही हाच छंद, आणि एक लहान चक्राकार करवत. आम्ही फक्त लाकडाच्या पट्ट्या कापून द्यायचो. फळी वाकवताना मोडली की नवशिक्याला वाटतं, आपला हात जड आहे. पुष्कळदा कारण लाकडातच असतं. पट्टीचे रेषे तिच्या लांबीला धरून न जाता तिरके बाहेर पडले असतील, तर कितीही भिजवा, वाफ द्या, ती तिथेच फाटणार. म्हणून लाकूड करवतीला लावण्याआधी आम्ही रेषे बघायचो आणि तिरक्या रेषांचा तुकडा बाजूला काढायचो. लाकूड बरंच वाया जायचं. पण त्या पट्ट्या घेतलेल्यांची जहाजं पुढे सरकायची आणि ते पुन्हा यायचे, येताना आणखी कुणाला तरी घेऊन.

लाकडांबद्दलची आमची मतं तेव्हाच पक्की झाली. फळ्यांचे दोन थर लावायचे असतील, तर आतल्या थराला लाइमवूड चांगलं. मऊ, सरळ रेषांचं आणि सहज वाकणारं. बाहेरच्या थराला अक्रोड सर्रास वापरतात. रंगाला ते देखणं आहे यात वादच नाही, पण त्याची छिद्रं डोळ्यांना दिसतात. १:६४ या प्रमाणात, म्हणजे खऱ्या जहाजाच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या प्रतिकृतीत, ०.२ मिलिमीटरचं छिद्र म्हणजे खऱ्या फळीत जवळजवळ १३ मिलिमीटरचं भोक! त्यापेक्षा नाशपतीचं लाकूड घ्या. पोत बारीक, कड स्वच्छ निघते. कोरीवकाम करायचं असेल तर बॉक्सवूडला तोड नाही. बाल्सा आम्ही ठेवतो तो फक्त नाळेजवळच्या बल्कहेडांच्या मधल्या पोकळ्या भरण्यासाठी.

पुढे लोकच म्हणू लागले, तुम्ही किटही काढा. कोणतं जहाज घ्यायचं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. पहिल्यांदा येणाऱ्याला ब्रिटिश नौदलाचं व्हिक्टरीच हवं असतं. १७६५ मध्ये पाण्यात उतरलेलं, तीन डोलकाठ्यांचं, शंभराहून जास्त तोफांचं जहाज. त्याचा मोह आम्हाला समजतो, आम्हालाही आहे. पण तोफांची दारं, त्यांच्या कड्या, दोर, कप्प्या असं एकच काम शंभरदा करायचं असतं, आणि नवख्याचा धीर नेमका तिथे संपतो. म्हणून आमचं पहिलं किट जहाजावरच्या एका लाँगबोटीचं निघालं. ७ मीटरची होडी १:४८ मध्ये १५ सेंटिमीटरही भरत नाही. मात्र फळ्या वाकवणं, कड जुळवणं, डोलकाठी निमुळती करणं, दोर ताणणं, सगळं तिच्यात येतं, आणि ती पुरी होते.

आराखड्यांसाठी आम्ही जुन्या नौकाबांधणीकारांकडे वळलो. फ्रेडरिक हेन्रिक आफ चॅपमन या स्वीडिश बांधणीकाराने १७६८ मध्ये जहाजांच्या आराखड्यांचा मोठा संग्रह छापला. त्यात मोठ्या व्यापारी जहाजांबरोबर लहान नावाही आहेत. अशा आराखड्यात जहाज तीन अंगांनी काढलेलं असतं, बाजूने, वरून आणि आडव्या छेदांतून. त्या छेदांवरून बल्कहेडचे आकार मिळतात. पुढे लेझर कटर घेतल्यावर भाग अचूक निघू लागले, पण लेझरने कड जळून काळी होते आणि त्या काजळीवर गोंद नीट धरत नाही. म्हणून आमच्या पुस्तिकेत पहिलीच सूचना आहे, चिकटवायची कड आधी पॉलिश पेपरने स्वच्छ करा.

किट घरी गेलं की खरी कसोटी फळ्यांची. जहाज मध्यभागी फुगीर आणि नाळेशी अरुंद, तेव्हा सगळ्या फळ्या सारख्याच रुंदीच्या कशा बसतील? आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला आम्ही आधी कागदाची पट्टी हातात देतो. मधल्या बल्कहेडच्या कडेवर ती दाबून मोजा. समजा १०० मिलिमीटर भरले आणि लाकडी पट्टी ५ मिलिमीटरची आहे, तर २० फळ्या लागतील. नाळेजवळच्या बल्कहेडची कड ६० मिलिमीटरच भरली, पण फळ्या तिथेही वीसच पोचायच्या. म्हणजे प्रत्येक फळी नाळेकडे ३ मिलिमीटरपर्यंत निमुळती करायची. मूळ रुंदीच्या निम्म्याहून खाली जायची वेळ आली, तर तितकं बारीक टोक टिकत नाही, मग दोन फळ्यांची एक करून पुढे न्यायची. पिछाडीकडे कधी उलटं होतं, तिथे फट पडते आणि पाचर भरावी लागते. एवढं एकदा हाताने केलं की कपाटावरचं खोकं खाली येतं. हे आम्ही कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

यातूनच आमची आठवड्याची बैठक सुरू झाली. कार्यशाळेच्या टेबलाभोवती ज्याला हवं त्याने आपलं जहाज घेऊन बसायचं. किट आमचंच असलं पाहिजे अशी अट कधीच घातली नाही. हत्यारं नाहीत म्हणून थांबलेले लोकही येतात. त्यांना मी नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटनमध्ये कैद असलेल्या फ्रेंचांबद्दल सांगतो. त्यांनी शिध्यातल्या मांसाच्या हाडांपासून जहाजं घडवली आणि ती आज संग्रहालयांत आहेत. धारदार सुरी, लहान रंधा, कानस, चिमटा, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल आणि चांगला उजेड, एवढ्यावर पहिलं जहाज होतं. बाकीची हत्यारं गरज पडेल तशी घ्या, असं आम्ही स्वतः विक्रेते असून सांगतो.

दोरकाम हा दुसरा अवघड घाट. डोलकाठीला बाजूंनी धरणारे श्राउड आणि त्यांवर शिडीसारख्या आडव्या बांधलेल्या रॅटलाइन. खऱ्या जहाजावर दोन पायऱ्यांमध्ये साधारण ३८ सेंटिमीटर अंतर, म्हणजे १:६४ मध्ये सुमारे ६ मिलिमीटर, आणि रॅटलाइन जिथे जिथे श्राउडला ओलांडते तिथे गाठ. ही गाठ चिमट्याने कशी फिरवायची हे बैठकीतल्या सगळ्यांना एका निवृत्त परिचारिकेने शिकवलं. शस्त्रक्रियागृहात काम केलेले त्यांचे हात. मागे ओळी आखलेला कागद लावा, आधी दर पाचवी पायरी बांधा, मग मधल्या भरा, आणि गाठ आवळताना श्राउड आत ओढला जात नाही ना ते बघा. त्यांची ही पद्धत आता आमच्या पुस्तिकेत आहे. दोराचे धागे आम्ही स्वतः पिळतो, कारण जाडी प्रमाणात नसली तर चांगलं जहाजही खेळण्यासारखं दिसतं.

एका निर्णयाबद्दल मला विशेष समाधान आहे. आमच्या किटमध्ये शिशाचा एकही भाग नसतो. शिसं स्वस्त आहे आणि ओतायला सोपं आहे. पण बंद पेटीत, विशेषतः ओकच्या पेटीत, लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत तोफा, नांगर झिजून जातात. कुणी दोन वर्षं खपून केलेलं काम असं जाऊ द्यायचं नाही, म्हणून पितळ वापरतो. किट महाग पडतं. ते आम्ही विकत घेणाऱ्याला कारणासह सांगतो आणि पेटीला हवा खेळण्यासाठी छिद्रं ठेवायलाही सुचवतो.

सध्या एकाच डोलकाठीच्या कटर या लहान शिडाच्या जहाजाचं किट तयार होत आहे. लाँगबोटीनंतर आणि मोठ्या जहाजाआधी करण्यासाठी. त्याच्या नमुन्यावर बैठकीतलेच काही जण काम करत आहेत आणि जिथे ते अडतात तिथली आकृती आम्ही पुन्हा काढतो. तुमच्याकडेही एखादं थांबलेलं जहाज असेल तर नाळेचा एक आणि पिछाडीचा एक असे दोन फोटो काढा, मधल्या बल्कहेडचं माप घ्या आणि आम्हाला पाठवा. पुढची फळी कुठून लावायची ते आम्ही कळवू.