पिवळे पडलेले द्रावण

हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे औषधी द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि जे थोडेफार शोषले जाते त्याचेही आतडी व यकृत झपाट्याने रूपांतर करून टाकतात. म्हणूनच आम्ही ते पीएलजीए या जैवविघटनशील पॉलिमरच्या सुमारे २०० नॅनोमीटर व्यासाच्या कणांत बंदिस्त केले होते. आज सकाळी ते कण डायलिसिसच्या पिशवीत (जिच्या सूक्ष्म छिद्रांतून सुटलेले औषध बाहेर जाते, पण कण आतच राहतात) भरून ३७ अंश सेल्सिअसच्या द्रावणात सोडले, आणि पहिल्या तासाभरातच बाहेरचे द्रावण पिवळसर झालेले पाहून मी खट्टू झालो. पृष्ठभागाला चिकटलेले औषध आधी सुटते, हे ठाऊक असूनही! आतले औषध मात्र कणांत पाणी शिरून पॉलिमरच्या साखळ्या तुटत जातील तसतसे सावकाश बाहेर येते, आणि त्या साखळ्यांपासून अखेरीस लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्ल तयार होते, ज्यांचा निचरा शरीर सहज करते.

दुपारी बाहेरच्या द्रावणातील कर्क्युमिनचे मोजमाप अचानक घसरले. दोष कणांचा नव्हता. ७.४ सामूच्या साध्या बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) मोकळे कर्क्युमिन ३० मिनिटांत बहुतांशी नष्ट होते, आणि त्याला टिकवून धरणारे ॲस्कॉर्बिक आम्ल घालायला मीच विसरलो होतो. उद्या पुन्हा पहिल्यापासून.