सफरचंदाच्या बागेत तीन औषधांची तुलना करताना

आधीच्या हंगामात पानांवर डाग दिसल्यानंतर फवारणी सुरू केली आणि स्कॅब हा बुरशीजन्य रोग काढणीपर्यंत हटला नाही. म्हणून पुढच्या हंगामात डोळे फुटल्यापासून पाकळीगळीपर्यंत बारा ओळींत औषधांची तुलना करून पाहायची, असे मी ठरवले. चार ओळींना केवळ मॅन्कोझेब, चार ओळींना कॅप्टन आणि उरलेल्या चार ओळींना मॅन्कोझेबसोबत डायफेनोकोनॅझोल अशी विभागणी केली. डायफेनोकोनॅझोल एकटे न वापरण्याचे कारण असे की, या गटातील औषधांना स्कॅबची बुरशी अनेक ठिकाणी सरावली आहे आणि अनेक अंगांनी मारा करणारे स्पर्शजन्य औषध जोडीला असले तर तो धोका कमी होतो. प्रत्येक भागात दोन झाडे बिनफवारणीची ठेवली. ती ठेवताना जिवावर आले, पण रोग औषधाने थांबला की मुळात आलाच नव्हता, हे त्यांच्याशिवाय कळणार नव्हते.

कोंब हिरवे दिसू लागताच या सहा झाडांखेरीज सर्व ओळींवर तांबेयुक्त औषधाची एक फवारणी घेतली आणि तांबे तिथेच थांबवले, कारण पाने अर्धा इंच बाहेर आल्यानंतर ते वापरल्यास पुढे फळाची साल खरबरीत होते. पहिली अडचण कॅप्टनच्या ओळींत आली. कोळी किडीसाठी सगळीकडे खनिज तेल फवारायचे होते, परंतु कॅप्टन आणि तेल लागोपाठ पडले तर कोवळी पाने करपतात. त्यामुळे त्या चार ओळी तेलाविना राहिल्या. औषध निवडताना त्याच्या मागून येणारी ही बंधनेही निवडावी लागतात, हे मी वहीत लिहून ठेवले नव्हते; लिहायला हवे होते.

तुलनेचा निकाल एका पावसाने लावला. कळ्यांचे घोस अजून घट्ट होते आणि ठरलेल्या दिवशी वाऱ्यामुळे फवारणी झाली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस सुरू झाला, तापमान १० अंशांच्या आसपास होते आणि पाने त्याच्या पुढच्या दिवशी दुपारपर्यंत, म्हणजे सुमारे अठरा तास, ओली राहिली. किती तापमानाला किती तास पान ओले राहिले की स्कॅब लागतो हे सांगणाऱ्या मिल्स यांच्या तक्त्यानुसार या तापमानाला संसर्गासाठी साधारण चौदा तासांचा ओलावा पुरतो, आणि माझ्या झाडांवरचे औषध आठ दिवसांचे होते. त्या आठ दिवसांत उलगडलेल्या पानांवर तर औषधाचा कणही नव्हता, कारण स्पर्शजन्य औषध जिथे पडले तिथेच राहते. पाऊस सुरू झाल्यापासून साधारण छत्तीस तासांनी सर्व भागांत ठरल्याप्रमाणे फवारणी केली.

बाराव्या दिवशी पाने तपासली, तेव्हा एकही डाग नव्हता आणि मी जरा घाईनेच खूश झालो. स्कॅबचा डाग दिसायला तापमानानुसार नऊ ते सतरा दिवस लागतात आणि आमच्याकडे थंडी होती, हे तेव्हा लक्षात घेतले नाही. सतराव्या दिवशी भिंग घेऊन घोसांतली पाने उलटून पाहिली, तर बिनफवारणीच्या झाडांवर काळपट-हिरव्या मखमलीसारखे, कडा विस्कटलेले डाग होते. बोट फिरवले की त्यांची पूड बोटाला लागत होती. मॅन्कोझेब आणि कॅप्टनच्या ओळींत तसेच डाग होते, मात्र घोसातल्या ठरावीक दोन-तीन पानांवरच, म्हणजे फवारणी चुकली त्या दिवसांत उलगडलेल्या पानांवर. मिश्रणाच्या ओळींत ते क्वचितच सापडले, कारण डायफेनोकोनॅझोल पानात शिरते आणि रुजून काही दिवसच झालेल्या बुरशीलाही रोखू शकते.

एवढ्यावरून मिश्रण जिंकले असे मी म्हणणार होतो. पण जी पाने पावसाआधीच्या वेळेवरच्या फवारणीत भिजली होती, ती तिन्ही भागांत जवळजवळ सारखीच स्वच्छ होती. फरक पडला तो माझ्या चुकलेल्या दिवसाचा, आणि तो दिवस भरून काढायची ताकद तीनपैकी एकाच औषधात होती. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे होते. कॅप्टन आणि मॅन्कोझेब यांचा तिच्यावर प्रभाव नसतो आणि तिला पान ओले व्हावे लागत नाही, त्यामुळे त्या आठही ओळींत शेंड्याची पाने पांढुरकी व अरुंद झाली, तर मिश्रणाच्या ओळींत ती बरीच कमी राहिली. इथे वेळेवरची फवारणीही कामाची नव्हती, औषधच चुकीचे होते.

पुढच्या हंगामासाठी वेळापत्रक त्यानुसार बदलले आहे. नेहमीच्या फवारण्या स्पर्शजन्य औषधाच्या असतील, डायफेनोकोनॅझोल त्यांच्या जोडीने चुकलेल्या पावसासाठी राखून ठेवेन, आणि भुरीसाठी गुलाबी कळीच्या आधी वेगळ्या गटाचे औषध घेईन. शरदात गळलेल्या पानांवर ५ टक्के युरिया फवारून ती बारीक करण्याचे कामही ठरले आहे, कारण वसंतात उडणारे बीजाणू त्याच पानांत हिवाळा काढतात. बिनफवारणीची सहा झाडे या वेळी दुसऱ्या ओळींत असतील.